उत्तर शोधणारा भोवरा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवी माणूस. बी. ए. झालो तोही भाषा विषय घेऊन. त्यामुळे या वेळी एका यंत्रावर बोलणार आहे असे घरी सांगितले, तेव्हा घरचेच हसले. पण या यंत्राची आणि माझी ओळख जुनी आहे आणि ती पुस्तकातून झालेली नाही.

माझे मामू जहाजावर सुकाणी होते. सुकाणी म्हणजे जहाजाचे चाक हातात धरणारा माणूस. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात घरटी एक तरी माणूस 'बोटीवर' असायचा. १९८० च्या आसपास एकदा मामू सुट्टीवर आले होते आणि आम्ही पोरे अंगणात भोवरे फिरवत होतो. मामू ओट्यावर बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "आमची बोट पण भोवऱ्यावरच चालते."

आम्हाला वाटले, चेष्टा करतायत.

"खरंच सांगतो. लोहचुंबकाची सुई वर छपरावर असते, ती अडीनडीला. रोजची बोट चालते ती भोवऱ्यावर. बंदर सोडायच्या आधी चार-पाच तास तो फिरवून ठेवतात, तेव्हा कुठं त्याला उत्तर सापडते."

फिरणाऱ्या भोवऱ्याला उत्तर दिशा कशी सापडेल? तो काय बघतो? कोणाला विचारतो? हे कोडे माझ्या डोक्यात राहून गेले. मामूंना विचारले तर ते म्हणाले, "ते साहेबलोकांना ठाऊक. मला फक्त आकडा दाखवतात आणि तो धरायला सांगतात." त्या यंत्राचे नाव जायरोकंपास. त्याची हकीकत कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

आधी जुन्या होक्याविषयी थोडे. अरबीत 'हुक्का' म्हणजे डबी. सुई ज्या डबीत ठेवत त्या डबीवरूनच आपला 'होका' हा शब्द आला असावा, असे मला वाटते. उर्दूत त्यालाच कुतुबनुमा म्हणतात, म्हणजे ध्रुव दाखवणारा. आणि 'सुकाणू' तर सरळ अरबी 'सुक्कान'चा वंशज. आपल्या किनाऱ्यावरच्या या शब्दांना अजून खाऱ्या पाण्याचा वास येतो. असो. मुद्दा हा, की ती सुई लाकडी जहाजात सुखाने नांदत होती. तिला एकच खोड होती. ती पृथ्वीच्या खऱ्या उत्तर ध्रुवाकडे बघत नाही, चुंबकीय उत्तरेकडे बघते. मुंबईत हा फरक एका अंशाहूनही कमी आहे, पण जगात अनेक ठिकाणी तो दहा-वीस अंशांवर जातो आणि वर्षागणिक बदलतो. नकाशात तो लिहिलेला असतो, त्यामुळे हिशेब करून भागत असे.

खरी पंचाईत झाली ती एकोणिसाव्या शतकात जहाजेच लोखंडाची होऊ लागली तेव्हा. सुईच्या चहूबाजूंनी लोखंड! ती ध्रुवाचे ऐकणार की शेजाऱ्याचे? शिवाय जहाज वळले की शेजाऱ्याची जागा बदलते, म्हणजे चूकही बदलते. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये 'रेनबो' नावाच्या लोखंडी बोटीवर प्रयोग करून सुईजवळ उलट चुंबक ठेवण्याची युक्ती काढली. पुढे लॉर्ड केल्विन यांनी १८७० च्या दशकात सुधारलेला होका केला. त्याच्या दोन्ही कानांशी लोखंडाचे एकेक गोळे असत. जुन्या जहाजांच्या छायाचित्रांत तुम्ही ते पाहिले असतील. लोखंडाची चूक लोखंडानेच काढायची, असा हा प्रकार. पण जहाजात विजेच्या तारा आल्या, तोफांचे पोलादी बुरूज आले आणि ते फिरू लागले, तसे सुईचे हाल वाढतच गेले.

सुईचे हाल फक्त समुद्रावरच होत नव्हते. आपल्या मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत होत्या. शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा नानाभाई मूस हे तिथले संचालक होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. विजेच्या ट्राममुळे या नाजूक सुया बहकणार हे स्पष्ट होते. म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. लोखंड टाळून, चुंबकाला त्रास न देणारा पोरबंदरचा दगड वापरून तिच्या इमारती बांधल्या आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. जमिनीवर हे जमले. सुईला त्रास झाला, सुई दूर नेली. जहाजावरची सुई दूर नेणार कुठे? फार तर ब्रिजच्या छपरावर.

आणि पाणबुडी असेल तर? पाणबुडी म्हणजे चारी बाजूंनी बंद पोलादी पिंप. तिच्या पोटात सुई काय सांगणार!

नेमका हाच प्रश्न हेरमान आन्श्युट्झ-केम्फे या जर्मन माणसाला पडला. हा काही दर्यावर्दी नव्हता, इंजिनिअर तर नव्हताच. आधी वैद्यकी शिकायला गेला, ती सोडून कलेच्या इतिहासाकडे वळला आणि व्हेनिसच्या चित्रकलेवर डॉक्टर झाला. अशा माणसाने होकायंत्र बदलून टाकावे याचा मला, उगाच का होईना, आनंद वाटतो. त्याच्या डोक्यात उत्तर ध्रुव शिरला होता. तेव्हा ध्रुवावर कोणी पोहोचलेले नव्हते. कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन माणसे जात होती आणि बर्फात मरत होती. आन्श्युट्झने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला व्हिएन्नात आपली योजना मांडली: बर्फावरून कशाला जायचे? पाणबुडीने बर्फाखालून जाऊ. लोकांनी विचारले, खाली अंधारात दिशा कशी कळणार? पोलादी पिंपात सुई निकामी, ध्रुवाजवळ तर ती दुप्पट निकामी. आन्श्युट्झकडे उत्तर नव्हते. ते शोधायला तो बसला आणि मग आयुष्यभर तेच करत राहिला.

त्याला धागा मिळाला पन्नास वर्षे जुन्या एका खेळण्यात. पॅरिसचे लिओं फूको यांनी १८५१ मध्ये पँथिऑनच्या घुमटातून लंबक सोडून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवले होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी तेच दाखवायला एक भोवरा केला. कड्यांमध्ये असा टांगलेला, की त्याच्या आसाला कुठल्याही दिशेला मोकळेपणी वळता यावे. त्याला नाव दिले जायरोस्कोप. असा भोवरा वेगाने फिरू लागला की त्याचा आस आपली दिशा सोडत नाही. तो एखाद्या ताऱ्याकडे रोखून ठेवलात, तर तारा सरकेल तसा तोही सरकताना दिसेल. खरे तर तो हलतच नसतो. हलत असतो आपण, आपल्या पायाखालच्या पृथ्वीसकट. फूकोंचा भोवरा आठ-दहा मिनिटांतच मंद व्हायचा. तो सतत फिरता ठेवायला विजेची मोटर हवी होती. ती यायला बराच काळ जावा लागला.

आता मामूंच्या कोड्याकडे येऊ. ताऱ्याला धरून राहणारा भोवरा उत्तरेला कसा धरील?

घरात सायकलचे सुटे चाक असेल तर करून बघा. चाकाचा आस दोन्ही हातांनी धरा आणि कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा. मग आसाचे एक टोक खाली दाबायचा प्रयत्न करा. ते खाली जाणार नाही, डावीकडे किंवा उजवीकडे वळेल. भोवऱ्याचा स्वभावच तसा. ढकलाल एकीकडे, जाईल काटकोनात दुसरीकडे. हा स्वभाव कामाला लावायचा. फिरत्या भोवऱ्याच्या खाली वजन टांगायचे. समजा, त्याचा आस पूर्वेकडे रोखलेला आहे. पृथ्वी फिरते, पूर्वेचे तारे वर चढतात, तसे आसाचे पूर्वेचे टोकही वर उचलल्यासारखे होते. खाली टांगलेले वजन त्याला परत खाली ओढू बघते. पण भोवरा खाली जाण्याऐवजी काटकोनात वळतो, आणि यंत्राची जुळणीच अशी असते की तो वळतो उत्तरेकडे. उत्तरेला पोहोचल्यावर थोडा पुढे जातो, मग मागे येतो. पाळण्यासारखे हेलकावे खात, हळूहळू ते कमी करत तो थांबतो. तिथे त्याचा आस बरोबर उत्तर-दक्षिण रेषेत आलेला असतो. मामूंचे ते चार-पाच तास इथे जातात.

म्हणजे हा भोवरा कुठल्याही चुंबकाला विचारत नाही. तो विचारतो पृथ्वीच्या फिरण्याला. लहान भोवरा मोठ्या भोवऱ्याशी बोलतो म्हणा. आणि मोठ्या भोवऱ्याचा आस म्हणजेच खरी उत्तर.

आन्श्युट्झने १९०४ मध्ये पेटंट घेतले, तेच अलिबागचे वर्ष, आणि १९०५ मध्ये कील बंदरात कारखाना काढला. १९०८ मध्ये 'डॉइचलांड' या युद्धनौकेवर त्याच्या यंत्राची चाचणी झाली. पण शांत खोलीत शहाण्यासारखा वागणारा भोवरा समुद्रावर जहाज डोलू लागले की चुकायचा. त्याचा चुलतभाऊ माक्स शूलर मोठा गणिती डोक्याचा. १९१२ मध्ये एकाऐवजी तीन भोवऱ्यांचा कंपास आला आणि डोलण्याची चूक आवरली. शूलरने आणखी एक खोल गोष्ट काढली. जहाज वेग घेते, थांबते, वळते, तेव्हा लोंबते वजन फसते. गाडीने ब्रेक लावल्यावर आपण पुढे झुकतो, तसेच. मात्र यंत्राच्या हेलकाव्याला जर सुमारे ८४ मिनिटे लागतील अशी जुळणी केली, तर ही फसगत होत नाही. ८४ मिनिटेच का? पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या लांबीचा लंबक असता, तर त्याच्या एका झोक्याला तेवढीच मिनिटे लागली असती. टेबलावर मावणाऱ्या यंत्राच्या पोटात पृथ्वीच्या केंद्रापर्यंत पोहोचणारा लंबक! हे मला समजले त्या दिवशी मी कविता लिहायला बसलो आणि ती जमली नाही.

इकडे अमेरिकेत एल्मर स्पेरी हा खटपट्या माणूसही भोवऱ्याच्या मागे लागला होता. १९१० मध्ये त्याने कंपनी काढली आणि १९११ मध्ये त्याचा कंपास आधी 'प्रिन्सेस अ‍ॅन' या प्रवासी बोटीवर आणि मग 'डेलावेअर' या युद्धनौकेवर चढला. तो कंपास जर्मन नौदलाला विकायला स्पेरी गेला, तेव्हा आन्श्युट्झने १९१४ मध्ये खटला भरला. स्पेरीच्या बाजूचे म्हणणे असे, की यात नवे ते काय? व्हान देन बोस नावाच्या डच माणसाने १८८५ मध्येच असे पेटंट घेतले होते. कोर्टाला जाणकार हवा होता. त्यांनी बोलावले बर्लिनच्या एका प्राध्यापकाला, ज्याने आधी काही वर्षे स्वित्झर्लंडच्या पेटंट कचेरीत कारकुनी केली होती. त्याचे नाव अल्बर्ट आईन्स्टाईन. सुरुवातीला आन्श्युट्झचा दावा त्यालाही पटला नव्हता. नंतर यंत्रे नीट अभ्यासून त्याने मत दिले की जुने डच यंत्र चाललेच नसते. आन्श्युट्झ जिंकला.

आईन्स्टाईन आणि आन्श्युट्झ यांची पुढे मैत्री झाली. द्रवात तरंगणाऱ्या गोळ्याच्या आत भोवरे ठेवण्याच्या १९२० च्या दशकातल्या नव्या कंपासात आईन्स्टाईनचा हात होता आणि त्याबद्दल त्याला विक्रीतून पैसेही मिळत. खटल्याच्या त्या अभ्यासातून आणखी एक गंमत निघाली. भोवऱ्यांचा विचार करता करता आईन्स्टाईनला वाटले, लोखंडाचे चुंबकत्व हेही आतल्या सूक्ष्म भोवऱ्यांमुळेच असेल काय? १९१५ मध्ये डी हास या डच शास्त्रज्ञाबरोबर त्याने प्रयोग केला. टांगलेली लोखंडी कांडी चुंबकित केली की ती किंचित गरकन वळते, हे त्यांनी दाखवले. ज्या सुईला हटवून भोवरा आला, त्या सुईच्या पोटातही भोवरेच निघाले.

हे सगळे चालू असताना पहिले महायुद्ध पेटले होते. ध्रुवासाठी शोधलेले यंत्र जर्मन पाणबुड्यांत बसले आणि पाणबुड्या जहाजे बुडवत सुटल्या. शांततेची भाषा करणाऱ्या आईन्स्टाईनच्या खात्यावर पुढे जे पैसे येत राहिले, ते याच यंत्राचे. यावर मी निवाडा देत नाही. फक्त नोंदवून ठेवतो.

आणि ध्रुवाचे काय झाले? इथेच या हकिकतीतला सगळ्यात मोठा विनोद आहे. आन्श्युट्झचा भोवरा पृथ्वीच्या फिरण्यावर जगतो. विषुववृत्तावर पायाखालची जमीन त्याला भरपूर आधार देते. जसजसे उत्तरेला जावे तसतसा हा आधार कमी होतो. साठ अंशांवर तो निम्मा उरतो, पंचाहत्तर-ऐंशी अंशांपलीकडे भोवरा चाचपडू लागतो आणि खुद्द ध्रुवावर आधार शून्य. ज्या एका जागेसाठी हे यंत्र केले, नेमकी तीच जागा त्याला सापडत नाही. आन्श्युट्झ १९३१ मध्ये वारला. त्याच वर्षी ह्यूबर्ट विल्किन्स एका जुन्या पाणबुडीतून ध्रुवाकडे निघाला आणि बर्फाच्या कडेवरून परत फिरला. १९५७ मध्ये अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी 'नॉटिलस' बर्फाखाली ८७ अंशांपर्यंत गेली. तिथे वीज गेली आणि तिचे जायरोकंपास बंद पडले. वर बर्फाचे छत, सुई निरुपयोगी, भोवरे झोपलेले. कॅप्टन अँडरसन यांनी पाणबुडी मागे वळवली. पुढच्या वर्षी ३ ऑगस्ट १९५८ रोजी हीच 'नॉटिलस' ११६ माणसांना घेऊन ध्रुवाखालून गेली. त्या वेळी तिच्यावर जास्त अक्षांशांसाठी सुधारलेले जायरो होते आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक हालचालीचा हिशेब ठेवणारी नवी यंत्रणाही होती. ती यंत्रणाही शेवटी भोवऱ्यांवरच उभी होती, हे सांगायला हवे.

पण मामू ध्रुवावर कधी गेले नाहीत. त्यांचा समुद्र मुंबई, एडन, सिंगापूर असा. त्यांच्या समोर असायचा तो मूळ कंपास नव्हे, त्याची तबकडी. मुख्य यंत्र वेगळ्या ठिकाणी बसवलेले आणि तारेने जोडलेल्या अशा तबकड्या ब्रिजवर ठिकठिकाणी. जहाज वळू लागले की जुन्या तबकडीतून टिक्‌टिक्‌ आवाज यायचा, अंशाच्या सहाव्या हिश्श्याला एक टिक्. मामू म्हणायचे, रात्री बघायची गरज नसे, कानाने बोट चालवता यायची. मोकळ्या समुद्रात मात्र चाक आपोआप चालवणारे यंत्र लावत. स्पेरीनेच १९२० च्या दशकात ते बाजारात आणले आणि गोऱ्या खलाशांनी त्याचे नाव ठेवले 'मेटल माईक', म्हणजे पोलादी माईक. हा माईक न झोपता, न जेवता भोवऱ्याने सांगितलेला आकडा धरून राहतो.

एका मालवाहू बोटीवरची मामूंची एक रात्र मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली. पहाटेचा पहारा, माईक चालू, मामू नुसते समोर बघत उभे. तबकडीवर आकडा ठरल्याप्रमाणे. मात्र डोलकाठीच्या उजव्या अंगाला असलेला तारा हळूहळू डाव्या अंगाला आला. तारे सरकतात हे मामूंना ठाऊक होते, पण इतक्या झपाट्याने नाही. ते दुसऱ्या साहेबांना म्हणाले, "साब, बोट फिरतेय." साहेबांनी तबकडी दाखवली: आकडा तोच आहे. मामूंनी नळीतून छपरावरची सुई बघितली. तिचा आकडा वीस अंशांनी वेगळा. भोवऱ्यात काही बिघाड होऊन तो सावकाश भरकटत होता आणि पोलादी माईक इमानाने त्याच्या मागे बोट वळवत चालला होता. कुठली घंटा वाजली नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने सगळे ठीकच होते. साहेबांनी माईक बंद केला. सकाळ होईपर्यंत मामूंनी सुईवर बोट हाकली.

हा धोका आजही गेलेला नाही, फक्त त्याचे रूप पालटले आहे. आता अनेक जहाजांवर भोवराही नाही. १९६३ मध्ये स्पेरीच्याच कंपनीत प्रकाशाचे दोन किरण उलटसुलट दिशांनी फिरवून वळणे मोजणारा लेसर जायरो तयार झाला, पुढे काचतंतूंचे आले. त्यात काहीच गरगरत नाही, झिजत नाही, आणि उत्तर सापडायला तासन्‌तास लागत नाहीत. उपग्रहांवरचे जीपीएस तर खिशात आले. मग दिशा सांगणाऱ्या यंत्राची गरजच काय, असे कुणी विचारील. जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगते. तुमचे तोंड कुठे आहे ते सांगणारे यंत्र वेगळेच लागते. दोन्ही लागतात, आणि दोन्हींवर नजर ठेवणारा माणूस लागतो. १० जून १९९५ रोजी 'रॉयल मॅजेस्टी' हे आलिशान प्रवासी जहाज दीड हजार माणसांसह बर्म्युडाहून बॉस्टनला जाताना नँटकेट बेटाजवळ वाळूत रुतले. निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची तार निघाली होती. यंत्राने मुकाट्याने कंपासची दिशा आणि जहाजाचा वेग घेऊन अंदाजाने जागा दाखवायला सुरुवात केली. दिशा बरोबर होती. पण वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलत होते, ते या अंदाजात धरलेच जात नव्हते. सुमारे ३४ तास कुणाच्या लक्षात आले नाही. जहाज सतरा मैल बाजूला गेले होते. माणसे वाचली, हे नशीब. अलीकडच्या काही वर्षांत काळ्या समुद्रात, तांबड्या समुद्रात, इराणच्या आखातात जीपीएसचे संदेश मुद्दाम बिघडवण्याचे प्रकार घडले आहेत. आपल्या कोकणातली पोरे आजही त्या पाण्यातून जातात.

म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आजही सांगतात, की ५०० टनांवरच्या जहाजाला जायरोकंपास किंवा तसे चुंबकाशिवाय चालणारे साधन हवेच, आणि चुंबकाची जुनी सुई तर प्रत्येक जहाजाला हवी. दर पहाऱ्याला दोन्हींचे आकडे ताडून वहीत लिहायची रीतही कायम आहे.

मामू आता थकले आहेत. त्यांच्याकडे किबल्याची दिशा बघायची एक छोटी डबी आहे, कुठल्याशा बंदरावरून आणलेली. गेल्या ईदला गेलो तेव्हा त्यांचा नातू ती गोदरेजच्या कपाटावर ठेवून सुईकडे टक लावून बघत होता आणि सुई भलतीकडेच तोंड करून बसली होती. मामू खाटेवरूनच ओरडले, "अरे, कपाटावरनं उचल ती. अंगणात घेऊन जा."